जाळरेषा : मध्य भारतातला वणवा आणि तो अडवणारे हात

मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलातला वणवा बहुतेक वेळा जमिनीवरून चालतो. माघ-फाल्गुनात साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पाने झडू लागतात आणि चैत्रापर्यंत रानात घोटा बुडेल एवढा पाचोळा साचतो. हाच वणव्याचा चारा. सपाटीवर ज्वाळा गुडघ्या-कमरेएवढी राहते. उंच वाळके गवत किंवा घाणेरीची जाळी लागली, की ती पुरुषभर उठते. चढावर आग झपाट्याने धावते आणि उतरताना रेंगाळते. दुपारच्या वाऱ्यात ती पसरते, तर रात्री थंडाव्याने दबते. मानवेल बांबूला अनेक वर्षांनी फुलोरा येतो आणि त्यानंतर बेटेच्या बेटे वाळतात. अशा बेटात आग शिरली, की पेरांतली कोंडलेली हवा फुटून बंदुकीच्या बारासारखे आवाज निघतात आणि ते पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जातात.

वीज पडून लागणारी आग इथे क्वचितच आढळते, कारण जंगल पेट घेण्याइतके वाळलेले असते तेव्हा पाऊस दूर असतो. बहुतेक वणव्यांची सुरुवात माणसाच्या हातून होते, आणि ते विझवायलाही माणसाचेच हात लागतात. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ही दोन्ही कामे बऱ्याचदा त्याच गावांतल्या, त्याच माणसांनी केली आहेत. सातपुड्यापासून चंद्रपूरपर्यंतच्या वणव्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः या माणसांच्या आणि वनखात्याच्या संबंधांचा इतिहास आहे.

आगीचे जुने व्यवहार

वनखाते येण्याआधी रानात आग लावणे हा गुन्हा नव्हता. ते शेतीचे, गुराख्याचे आणि रानमेव्याचे काम होते. गोंड, कोरकू आणि बैगा डोंगरउतारावरची झाडे तोडून वाळू देत, उन्हाळ्याच्या अखेरीस ती जाळत आणि पाऊस पडताच त्या राखेत कोदो-कुटकी पेरीत. सातपुड्याच्या बाजूला या शेतीला दाह्या म्हणत, तर बैगांच्या मुलखात बेवर. नांगराने धरतीची छाती फाडणे पाप आहे, अशी बैगांची श्रद्धा होती, त्यामुळे राखेतली पेरणी त्यांच्यासाठी नुसती सोय नव्हती. सह्याद्रीकडे अशाच शेतीला दळी आणि कुमरी ही नावे होती. कोकणात भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर टाहाळ, पाला, शेण आणि गवत पसरून जाळण्याची राबाची रीत तर आजही पूर्ण गेलेली नाही.

गवत जाळण्यामागचे कारण वेगळे होते. जुने राठ गवत गुरे खात नाहीत. ते जाळले, की जमिनीत उरलेल्या ओलीवर किंवा वळवाच्या पहिल्या सरीवर कोवळे कोंब फुटतात. मोहाच्या झाडाखालीही आग लागे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. मांसल, फिकट पिवळी फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणाऱ्या बाया आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी करून घेत. काळ्या जमिनीवर फूल लांबूनही दिसते. ही आग झाडापुरती राहिली तर निरुपद्रवी. वाऱ्याने पुढे सरकली, की तिचा वणवा होतो.

या लोकांना आग अडवण्याचीही रीत ठाऊक होती. गाव, खळे आणि तणसाचे ढीग यांच्याभोवतीचे गवत उन्हाळा तापण्याआधी, दव असताना जाळून टाकायचे, म्हणजे पुढे रानातून आग आली तरी तिला तिथे खायला काही उरत नाही. पुढे वनखात्याने जी पद्धत अधिकृत केली, तिचे बीज या काळ्या पट्ट्यात होते.

बोरीचा प्रयोग

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच सुमारास रेल्वेच्या कामाला वेग आला आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकडाची मागणी वाढली. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. इंग्रज अधिकारी साग शोधत सातपुड्यात शिरले, तेव्हा त्यांना बुंध्याशी जळून पोकळ झालेली झाडे दिसली. रोपे दरवर्षी जळत आणि मुळापासून पुन्हा फुटत, पण खोड धरत नसत. कापायला जंगल होते, पण त्याच्या मागून येणारे जंगल नव्हते.

मध्य प्रांताच्या वनखात्याचे पहिले प्रमुख कर्नल जी. एफ. पीअर्सन यांनी पचमढीच्या पठाराखालचे बोरीचे सागवान प्रयोगासाठी निवडले. या रानाला ताजा राजकीय इतिहास होता. १८५७ च्या उठावानंतर तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले, तेव्हा पचमढी भागातल्या राजा भभूतसिंहाने उठावकऱ्यांना साथ दिली आणि पुढे दीर्घकाळ डोंगरात झुंज दिली. तो पकडला गेल्यावर सरकारने त्याचा मुलूख जप्त केला आणि बोरीचे जंगल सरकारी झाले. १८६५ मध्ये ते राखीव घोषित झाले.

एवढे मोठे रान आगीपासून वाचवता येईल, यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. हिंदुस्थानात दर उन्हाळ्यात जंगल जळायचेच, हे गृहीत धरलेले होते. पीअर्सन यांनी उन्हाळ्याआधी जंगलाभोवती गवत-पाचोळ्याचे पट्टे जाळून घेतले, आत आग लावण्यास बंदी केली आणि पहारा बसवला. पट्टे जाळणारे आणि पहारा देणारे मजूर स्थानिक गोंड-कोरकूच होते. बोरी वाचले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सरकारच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी या यशाचा दाखला देऊन आगीपासून संरक्षण हे खात्याचे पहिले कर्तव्य ठरवले. पुढच्या काही दशकांत ही पद्धत इतर प्रांतांत पसरली आणि राखीव जंगलांचे नकाशे उभ्या-आडव्या रेषांनी भरले. मराठीत या रेषेला जाळरेषा हे नाव पडले.

रेषा कशी तयार होते

जाळरेषा म्हणजे ठरावीक रुंदीचा असा पट्टा, ज्यात जळण्याजोगे काही उरू दिलेले नसते. जंगलाची बाह्य हद्द, गटांमधल्या आणि कक्षांमधल्या सीमा, रस्ते आणि नाले यांच्या कडेने ती आखतात. रुंदी जागेच्या महत्त्वावर ठरते. बाहेरची रेषा रुंद, आतल्या त्याहून अरुंद.

काम पाऊस सरल्यावर सुरू होते. मजूर कोयत्याने पट्ट्यातले गवत आणि झुडपे कापून मधोमध पसरतात आणि वाळू देतात. दोन्ही कडांना हातभर जमीन खरवडून साफ करतात, कारण जाळताना आग तिथून बाहेर निसटता कामा नये. खरी पारख जाळण्याचा दिवस निवडताना लागते. घाई केली तर कापलेले गवत ओले असते आणि अर्धे जळून विझते. उशीर झाला तर बाजूचे रानही वाळलेले असते आणि रेषा जाळतानाच वणवा लागतो. योग्य दिवस म्हणजे कापलेले वाळले आहे आणि उभे रान अजून ओलसर आहे, असा मधला काळ. संध्याकाळी वारा पडल्यावर एका टोकाला चूड लावतात आणि दोन्ही कडांनी माणसे हिरव्या डहाळ्या घेऊन चालतात. त्यानंतरही काम संपत नाही. सागाची पाने झडतच राहतात, आठ-पंधरा दिवसांत पट्ट्यावर नवा पाचोळा येतो आणि रेषा पुन्हा झाडावी लागते. न झाडलेली जाळरेषा कागदावर रेषा असते, आगीसाठी ती वाटच असते.

महाराष्ट्रात वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते, त्यामुळे रेषा जाळण्याचे काम त्याआधी उरकण्याचा प्रघात आहे.

कायदा आणि सक्ती

रेषा आखणे खात्याच्या हातात होते, पण तिच्या दोन्ही बाजूंना माणसे राहत होती. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी त्यांचे रानाशी असलेले नाते क्रमाक्रमाने बदलले. १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार हवा तितका काळ स्थगित करू शकते, अशीही तरतूद त्यात आहे. म्हणजे एकाच्या आगीची शिक्षा साऱ्या गावाच्या गुरांना होऊ शकते. कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने वणव्याची खबर देणे आणि तो विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. विझवायला जाणे हे गावकीचे काम होते. कायद्याने ते सरकारी कर्तव्य केले.

मध्य प्रांतात खात्याने वनग्रामे वसवली. जंगलाच्या पोटात थोडी जमीन कसायला द्यायची आणि त्या बदल्यात लाकूडतोड, रोपवन, जाळरेषा आणि वणवा यांसाठी हमखास मजूर मिळवायचे, असा हा सौदा होता. जमीन मालकीची नसे, त्यामुळे नकार देण्याची मुभाही नसे. बैगांची बेवर शेती १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातल्या ‘बैगा चक’ या भागापुरती मर्यादित करण्यात आली. बाहेरच्या बैगांना नांगर धरावा लागला किंवा जंगलमजूर व्हावे लागले.

मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी टाहाळ तोडण्यावरची बंधने हा मोठ्या असंतोषाचा विषय झाला. तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. दूर कुमाऊंत वनबंदी आणि बेगार यांविरुद्धचा राग १९२१ मध्ये थेट आगीतून बाहेर पडला. चीडची सरकारी जंगले पेटवली गेली, चौकशी समिती बसली आणि त्यातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३० च्या जंगल सत्याग्रहाने वेगळा मार्ग घेतला. पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. तिथले शस्त्र आगकाडी नव्हती, विळा होता. मात्र तक्रार तीच होती : कालपर्यंत आपले असलेले रान आज परवानगीचे झाले होते.

खात्याच्या मनातली शंका

आग पूर्णपणे बंद करणे जंगलाच्या हिताचे आहे का, हा प्रश्न खात्याच्या आतूनही उठला. ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवानात काही वर्षे आग रोखल्यावर असे दिसले, की सागाची नवी रोपे उगवण्याऐवजी बांबू आणि इतर झाडोरा माजतो. एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने १८९६ मध्ये ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा जास्तच होत असल्याचा मुद्दा लेखातून जाहीरपणे मांडला. मोठ्या वादानंतर १९०७ पासून तिथल्या अनेक जंगलांतले संरक्षण मागे घेतले जाऊ लागले. आसाम-बंगालच्या सालवनांतही तशीच अडचण आली आणि नियंत्रित आग पुन्हा वापरात आली.

मध्य भारताच्या कोरड्या सागवानात उत्तर इतके सरळ नव्हते. सागाची साल जाड असते आणि मोठे झाड सौम्य आग सोसते. रोप मात्र दरवर्षी जळून खुंटते. आग लांबवली तर रोप वाढते, पण दरम्यान पाचोळा आणि वाळके लाकूड साचत जाते. मग चुकून लागलेली आग आधीपेक्षा तापट निघते. हिवाळ्याच्या अखेरीस, रान पुरते वाळण्याआधी हलकी आग देऊन उन्हाळ्यातली भडकी आग टाळावी, ही कल्पना पुढे वनशास्त्रात रूढ झाली. तत्त्व जुनेच होते. गावाभोवतीचा काळा पट्टा त्यावरच चालत आला होता.

वणवा जवळ येतो तेव्हा

रानालगतच्या गावाला वणवा आधी नाकाने कळतो. मग दुपारच्या उजेडाला तांबूस छटा येते आणि अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवर जळक्या पानांची काजळी पडते. आगीच्या पुढे उडणारे किडे टिपायला कोतवाल पक्षी धुराच्या कडेने घिरट्या घालतात. ससे, रानडुकरे आणि साप उघड्या शेतांत येतात. गावात पहिले काम म्हणजे गुरांची दावी सोडणे. मग घरालगतचे तणस आणि सरपण हलवणे, गवती छपरांवर पाणी मारणे, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना नदीकडच्या बाजूला पाठवणे. जमिनीवरून येणारी आग नांगरलेल्या शेतापाशी सहसा थांबते. धोका असतो तो वाऱ्यावर उडून येणाऱ्या ठिणगीचा, कारण ती थेट तणसाच्या ढिगावर पडू शकते.

त्याच वेळी वनरक्षक, वनमजूर, हंगामी अग्निरक्षक आणि गावातली माणसे आगीकडे निघतात. त्यांची साधने साधी असतात : कुऱ्हाड, कोयता, खराटा, दाताळे आणि पाण्याचा तुंबा किंवा कॅन. पाणी पिण्यासाठी असते, आग विझवायला ते पुरत नाही. आगीच्या तोंडासमोर कोणी उभे राहत नाही. नाला, रस्ता किंवा आधीच जळालेली जागा पाठीशी धरून कडेने सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंनी दाबत आगीचे तोंड अरुंद करत न्यायचे. हिरव्या डहाळीने झोडपायचे तेही दाबून आणि जळालेल्या बाजूकडे ओढून. डहाळी जोरात वर उचलली, तर ठिणग्या मागच्या पाचोळ्यात पडतात आणि विझवणाऱ्याच्या पाठीशी दुसरी आग लागते.

ज्वाळा झोडपण्याच्या पलीकडे गेली, की मागे हटून समोरून आग द्यावी लागते. जाळरेषा किंवा पायवाट धरून तिच्या आतल्या बाजूला नवी आग लावतात. मोठी आग पुढची हवा आपल्याकडे ओढते आणि लहान आग तिच्या दिशेने खेचली जाते. मधले खाद्य संपून दोन्ही भेटतात, तेव्हा क्षणभर ज्वाळा उंच उठते आणि बसते. हे काम रात्री किंवा संध्याकाळी, वारा पडल्यावर सोपे जाते. वेळ चुकली, वारा फिरला किंवा रेषेवर माणसे कमी पडली, तर एका वणव्याचे दोन होतात.

ज्वाळा दिसेनाशी झाल्यावर सर्वांत कंटाळवाणा भाग सुरू होतो. पोकळ खोडे आतून धुमसत राहतात, पडलेले ओंडके आणि वाळलेले शेण कित्येक तास निखारा धरतात. उतारावरचा जळता ओंडका गडगडत रेषा ओलांडू शकतो, म्हणून त्याच्या खाली चर खणतात किंवा तो आत ढकलतात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटल्यावर विझलेल्या वणव्यातून पुन्हा धूर निघणे नेहमीचेच आहे. त्यामुळे थकलेल्या माणसांपैकी काहींना कडेवर जागत बसावे लागते.

मनोरा, उपग्रह आणि ब्लोअर

स्वातंत्र्यानंतर बराच काळ पद्धत तीच राहिली. टेकडीवरचा पहारेकरी धूर पाहून हाक देई किंवा माणूस पाठवी. १९८० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने वणवा-नियंत्रणाचा आधुनिक प्रकल्प देशात दोन ठिकाणी राबवला गेला : महाराष्ट्रात चंद्रपूर आणि तेव्हाच्या उत्तर प्रदेशात हल्द्वानी. निरीक्षण मनोरे, बिनतारी संच, सुधारित हत्यारे आणि पथकांचे प्रशिक्षण यांचा वापर त्यातून वाढला.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहावर दिसलेल्या आगीची माहिती राज्यांना पाठवायला सुरुवात केली. आधी मोडिस या संवेदकाची माहिती वापरली जाई, तिच्यात एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा होता. पुढे आलेल्या व्हिअर्सने तो ३७५ मीटरवर आणला. आता संदेश थेट मोबाइलवर येतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशाच्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक क्षेत्राला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. तरी उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हाच आग दिसते. दोन फेऱ्यांमध्ये लागून पसरलेल्या आगीची पहिली खबर अजूनही गुराखी किंवा मोह वेचणारी बाईच देते.

हातातली सर्वांत उपयोगी नवी वस्तू म्हणजे पाठीवर अडकवायचा ब्लोअर. पाचोळा उडवून तो काही मिनिटांत आगीपुढे मोकळी पट्टी काढतो. जे काम खराट्याने अनेकांना करावे लागे, ते आता मोजकी माणसे करतात. झाडोऱ्याच्या आणि दगडांच्या रानात मात्र झोडपणारी डहाळी आजही लागते.

गावाच्या हाती रेषा

१९८८ चे राष्ट्रीय वन धोरण आणि त्यानंतरच्या संयुक्त वन व्यवस्थापनाने गावाला पुन्हा रक्षणात ओढले. महाराष्ट्रात २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेतून चांगले काम करणाऱ्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांना पुरस्कार मिळू लागले. मोठा बदल २००६ च्या वनहक्क कायद्याने केला, कारण त्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये.

पाचगावने त्यानंतर घेतलेला एक निर्णय वणव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विदर्भात तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यातल्या रोख कमाईचा मुख्य आधार असतो. सत्तर पानांचा एक पुडा, या हिशेबाने पाने फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिली जातात. कोवळी, एकसारखी पाने यावीत म्हणून आधी झुडपांची खुटकटाई होते आणि अनेक ठिकाणी त्याच हेतूने आगही लावली जाते. पाचगावने बांबूच्या उत्पन्नावर भर दिला आणि तेंदू तोडणेच बंद केले. छाटणी आणि आग यांनी रानाचे नुकसान होते, हे ग्रामसभेने सांगितलेले कारण होते. मोहाखालची आग थांबवण्यासाठी फुले पडण्याआधी जमीन झाडून घेणे किंवा खाली जाळी बांधणे, असे उपायही काही गावांत रुजत आहेत.

या गावांत वणव्याची रात्र बोरीच्या काळासारखीच दिसते : डहाळ्या, कुऱ्हाडी, धुरात चालणारी माणसे. त्यांच्यामागचा हिशेब बदलला आहे. पीअर्सन यांच्या रेषेवरचे गोंड-कोरकू सरकारचे सागवान राखत होते, वनग्रामातला मजूर जमिनीचे मोल फेडत होता, कलम ७९ खाली जाणारा शिक्षेला भिऊन जात होता. ग्रामसभेच्या रानात जळणारा बांबू गावाच्याच विक्रीचा असतो. हक्क न मिळालेल्या गावांत जुनाच हिशेब चालू आहे. रेषा मात्र दोन्हीकडे एकाच रीतीने तयार होते. फेब्रुवारीच्या मध्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, वारा पडल्यावर, कडांना माणसे उभी करून पट्टा जाळतात आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यावर पडलेली सागाची पाने झाडायला पुन्हा येतात.